पंधराचे तीस

नानांच्या पुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न ताईच्या मते कधीच सुटला होता. नानांच्या मते तो अजून नीट मांडलाही गेला नव्हता. म्हणून तर त्या रविवारी सगळ्यांना दुपारी जेवायला बोलावलं होतं.

"हा खोका बघ," नाना म्हणाले. "खात्याच्या मासिकाचे पहिल्यापासूनचे अंक आहेत. बांधणीसकट."

"नाना, हे सगळे अंक ग्रंथालयात आहेत. प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती आहेत."

"पण ही प्रत माझी आहे."

"म्हणजे चौथी."

"म्हणजे माझी," नाना म्हणाले आणि त्यांनी दुसरा खोका पायाने पुढे सरकवला.

ताई कृषी खात्याच्या ग्रंथालयाची प्रमुख होती. अख्ख्या खात्यात नको असलेला कागद शेवटी तिच्याच दारात येऊन पडायचा. तिथे निदान नोंद करून, शिक्का मारून तो कपाटात ढकलता यायचा. इथे समोर वडील होते आणि व्हरांड्यात छतापर्यंत खोके. तिने खांबाला पाठ टेकली आणि मनातल्या मनात हात टेकले.

"अगं, त्याला कपाट नकोय, कौतुक हवंय," आत्या आतून ओरडली. "दे एक कोपरा, लाव एक पाटी, आणि जेवायला चला!"

आत्या नानांची धाकटी बहीण. ती खात्याच्याच टंकलेखन विभागातून निवृत्त झाली होती. या घरात खात्याबाहेर नोकरी केलेलं माणूस औषधालाही सापडलं नसतं. नाना तिथे मुख्य रसायनतज्ज्ञ होते. मृद चाचणी प्रयोगशाळा त्यांनी दोन खोल्यांतून उभी केली, आणि निवृत्त होताना खुर्चीवरून उठले ते केवळ नियम होता म्हणून. ताईचा धाकटा भाऊ बंडू प्रकाशन विभागाचा प्रमुख. मासिक, पत्रकं, रेडिओवरचा संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम, सगळं त्याच्याकडे. पन्नाशी जवळ आली, कानावरचे केस पांढरे झाले, तरी घरात तो बंडूच. आणि बंडूची बायको, जी वयाने धाकटी असूनही ताई जिला कौतुकाने वहिनी म्हणायची, ती आता नानांच्या त्याच खुर्चीत बसत होती. सून सासऱ्याच्या खुर्चीत. हे नानांनी लोकांना अभिमानाने सांगितलं होतं, पण घरात त्याचा विषय निघाला की त्यांना खोकला यायचा.

ताटं वाढून झाली तरी वहिनीचा पत्ता नव्हता.

"कुठे गेली ही?" ताईने विचारलं.

"प्रयोगशाळेत. पहारेकऱ्याचा फोन आला होता सकाळी," बंडू मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "तिला रविवार कळत नाही."

तेवढ्यात वहिनी आलीच. तिने चपला काढल्या नाहीत, हात धुतले नाहीत. खांद्यावरच्या झोळीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून तिने ती टेबलाच्या मधोमध, भाताच्या भांड्याला टेकून ठेवली. आत फुलकोबीची पानं होती. कडा करपून आत वळलेल्या, कोणी निखाऱ्यावरून फिरवून आणल्यासारख्या.

"हे काय जेवायच्या टेबलावर?" आत्या म्हणाली.

"तेच विचारायला आलेय." वहिनी खुर्चीच्या पाठीला धरून उभीच राहिली. "सकाळी एक माणूस ही पानं घेऊन प्रयोगशाळेच्या फाटकाशी बसला होता. निम्मं शेत असं झालंय त्याचं. विचारलं, बाबा, काय फवारलंस? म्हणाला, तुम्हीच सांगितलेला बोरॉन. किती टाकलास? तर त्याने खिशातून आपल्या खात्याची माहितीपत्रिका काढून दाखवली. दहा लिटर पाण्याला तीस ग्रॅम." ती नवऱ्याकडे वळली. "तीस, बंडू. मी पंधरा लिहून दिलं होतं."

बंडूने मोबाइल खाली ठेवला. "तू तीसच लिहिलं असशील."

"मी आकड्यातही लिहिलं होतं आणि अक्षरातही."

"अक्षरांत आम्ही ठेवत नाही. जागा पुरत नाही."

"जागा पुरत नाही! आणि मागच्या पानावर मंत्र्यांचा फोटो हारासकट मावला?"

"फोटो वरून येतो. त्यात मी काय करणार?"

"मग खालून आलेला आकडा तरी धड ठेवायचा होतास!"

"हे बघ, प्रयोगशाळेतून येणारे कागद कसे असतात ते मला विचार. चहाचे डाग, खाडाखोड..."

"माझ्या कागदावर?"

"अरे, जेवा की आधी," आत्या म्हणाली. पण ती वहिनीच्या बाजूला सरकून बसली होती, आणि त्या घरात कोण कुठे सरकून बसलं यावरून बरंच काही कळायचं.

ताईचं त्या भांडणाकडे लक्ष नव्हतं. तिला आठवत होते ते गठ्ठे. 'फुलकोबीच्या गड्ड्यावर तपकिरी डाग का पडतात?' अशा मथळ्याच्या हिरव्या पत्रिकांचे गठ्ठे गेल्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या गाडीतून गेले होते. प्रकाशन विभागाची गाडी बंद पडली म्हणून बंडूने तिची गाडी मागून घेतली होती, आणि खात्याची जेवढी म्हणून गावोगावची वाचनालयं होती तेवढ्या सगळ्यांच्या टेबलांवर ती पत्रिका एव्हाना पोहोचली होती. फुलकोबीला गड्डे धरायची हीच वेळ. म्हणजे फवारणीचीही हीच.

"थांबा," ती म्हणाली. "कोणी चुकवलं ते नंतर बघू. पत्रिका आधी थांबवायला हव्यात."

"नंतर कसं? आत्ताच बघू!" वहिनी म्हणाली. "उद्या चौकशी लागली की हा प्रयोगशाळेवर ढकलून मोकळा होईल."

"मी ढकलतो? तू येतेस ती बोट दाखवतच येतेस."

"तीसच बरोबर आहे," नाना म्हणाले.

ते शांतपणे भात कालवत होते. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"काय म्हणालात?" वहिनीने विचारलं.

"तीसच बरोबर आहे, सूनबाई. पंधरा छापायला निघाला होतात तुम्ही. मी प्रुफात दुरुस्त केलं. आयुष्यभर तीस सांगत आलोय आम्ही. पंधराने काय होणार, पानांचे नुसते हात-पाय धुतले जाणार." त्यांनी एक घास घेतला. "तुला सांगणार होतो, पण म्हटलं, उगाच चारचौघांत कशाला."

ताईने हळूहळू बंडूकडे पाहिलं. बंडू पाण्याच्या पेल्याकडे पाहत होता.

"बंडू, तू प्रुफं नानांना दाखवतोस?"

"नेहमीच नाही."

"दर वेळी," नाना म्हणाले. "मी असताना खात्यातून चुकीचा शब्द बाहेर गेला नाही."

"ते रुसतात गं," बंडू खालच्या आवाजात ताईला म्हणाला. "एकदा नाही दाखवलं तर दोन दिवस बोलले नाहीत. मला वाटलं, वाचू दे, काय बिघडतंय. ऱ्हस्व-दीर्घ बघत बसतात. आणि त्यांनी खूण केली की डीटीपीवाली बदलते. मी पुन्हा बघत नाही."

"तू पुन्हा बघत नाहीस," वहिनी एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "विभाग तुझा, आणि तू बघत नाहीस!"

"नाना," ताई म्हणाली, "तुमच्या वेळी फवारायचे तो टाकणखार. आता ती भुकटीच वेगळी आहे."

"बोरॉन तो बोरॉन. मूलद्रव्य बदललंय का?"

"टाकणखारात बोरॉन शेकडा अकरा असायचा, नाना," वहिनी म्हणाली. तिचा आवाज एकाएकी खाली आला होता, आणि ताईला ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. "नव्या भुकटीत वीस आहे. म्हणून निम्मं."

"कोण म्हणतं वीस? डब्यावर छापलेलं? डब्यावर काय, काहीही छापतात."

"पत्रिकेवरही," आत्या म्हणाली.

नानांनी ताट दूर सारलं.

त्यानंतरचा तास ताईला पुढे कधी आठवला तरी तिचं डोकं ठणकायचं. तिने आधी संचालकांना फोन लावला. ते कुठल्याशा समारंभात होते, मागे बँड वाजत होता. "अहो, रविवार आहे," संचालक म्हणाले. "उद्या रीतसर टिप्पणी सादर करा. पुढच्या अंकात शुद्धिपत्रक देऊ." ताई म्हणाली, साहेब, पुढचा अंक येईपर्यंत फुलकोबी बाजारात तरी जाईल नाहीतर उकिरड्यावर. "आवाज नीट येत नाहीये," संचालक म्हणाले आणि फोन बंद झाला. मग तिने वाचनालयांच्या सगळ्या ग्रंथपालांना एकदम संदेश टाकला : हिरवी पत्रिका वाटू नका, टेबलावरून उचला. पाच-सहा जणांनी लगेच अंगठ्याचं चिन्ह टाकून होकार कळवला. एकाने विचारलं, कुठली हिरवी? मागच्या महिन्यातली गांडूळखताचीही हिरवीच आहे. दुसऱ्याने कळवलं, संपल्या, लोकांनी हातोहात नेल्या, अजून पाठवा.

अजून पाठवा! ताईने फोन टेबलावर आपटला.

"ज्यांनी नेल्या त्यांच्यापर्यंत पोहोचायचं तर रेडिओच," ती म्हणाली. "बंडू, आजचा संध्याकाळचा कार्यक्रम तुझ्याच हातात आहे ना? आजच सांगून टाकू."

बंडूने मान हलवली, पण होकारार्थी की नकारार्थी ते कळलं नाही. "सांगू. पण कसं सांगायचं ते मला ठरवू दे." त्याने खिशातून पेन काढलं आणि हातपुसण्याच्या कागदावरच लिहून वाचून दाखवलं. "मुद्रणदोषामुळे एका पत्रिकेत बोरॉनचं प्रमाण चुकीचं छापलं गेलं आहे. ते पंधरा ग्रॅम असं वाचावं. बस. नानांचं नाव नाही, प्रयोगशाळेचं नाही, कोणाचंच नाही."

"मुद्रणदोष म्हणजे कोणाचा दोष?" ताईने विचारलं.

"मुद्रणाचा."

"मुद्रण कोण करतं? उद्या साहेब विचारणार, कोणी जुळवलं. तू काय सांगणार?"

डीटीपी करणारी मुलगी कंत्राटावर होती. घरी आजारी आई, आणि कंत्राट वाढवून मिळेल की नाही याची दर खेपेला धाकधूक.

"तिला काही होणार नाही," बंडू म्हणाला. "फार तर समज देतील."

"कंत्राटी माणसाला समज देत नाहीत, बंडू. नवीन माणूस घेतात."

"मग काय नानांचं नाव घेऊ?" बंडूचा तोल गेला. "नव्या प्रयोगशाळेला नानांचं नाव द्यायचा प्रस्ताव मंत्र्यांच्या टेबलावर आहे! या महिन्यात सही होणार. आणि मी काय सांगू, की निवृत्त माणसाला मी घरी बसून सरकारी प्रुफं तपासायला देत होतो? माझी पदोन्नती गेली, त्यांचं नाव गेलं, सगळंच गेलं. त्यापेक्षा एक शब्द 'मुद्रणदोष' म्हटलं तर कोणाचं काय जातं?"

ताईने आशेने वहिनीकडे पाहिलं. दुपारपासून हीच तर पेटून उठली होती. पण वहिनी करपलेल्या पानांची पिशवी हातात घेऊन उभी होती, आणि तिची नजर नानांच्या खोलीच्या बंद दाराकडे होती.

"मुद्रणदोष म्हणा, ताई," ती म्हणाली. "आज म्हणा, एवढंच. त्यांचं नाव नको. मला त्यांनीच शिकवलंय हो सगळं. त्या इमारतीवर त्यांचं नाव लागावं असं तुमच्यापेक्षा मला जास्त वाटतं."

म्हणजे नवरा-बायको, जे तासाभरापूर्वी एकमेकांच्या जिवावर उठले होते, ते आता एका बाजूला. ताईला हसावं की रडावं कळेना. या घरात माणसं भांडतात तेव्हा निदान कळतं कोण कुठे आहे. एक झाली की पंचाईत.

"वा!" आत्या म्हणाली. ती इतका वेळ ताटं गोळा करत होती. "चोर सोडून संन्याशाला फाशी. पस्तीस वर्षं टंकलेखन केलं मी. साहेबांनी चुकीचं सांगितलं तरी टंकलेखनाची चूक, साहेबांना शुद्धलेखन येत नसलं तरी टंकलेखनाची चूक. तेव्हा तुमचे हेच नाना मला घरी येऊन म्हणायचे, जाऊ दे गं, एवढ्याशा गोष्टीचं काय." तिने ताटं मोरीत ठेवली, तीही जरा जोरातच. "ताई, मी तुझ्या बाजूला आहे. माझा उपयोग काय होईल ते माहीत नाही, पण आहे."

तेव्हाच दार उघडलं. नाना बाहेर जायचा शर्ट घालून उभे होते.

"चला," ते म्हणाले.

"कुठे?"

"प्रयोगशाळेत. त्या भुकटीत किती बोरॉन आहे ते मी स्वतः बघणार. वीस निघाला तर बोलू."

"नाना, आत्ता? कार्यक्रम संध्याकाळी आहे, वेळ कुठे..."

"मग लवकर चला."

ताईने कपाळावर हात मारला आणि गाडीची किल्ली उचलली.

खात्याचं आवार रविवारचं ओस होतं. प्रयोगशाळा खालच्या मजल्यावर, वर प्रकाशन विभाग आणि ध्वनिमुद्रणाची खोली, पलीकडच्या इमारतीत ताईचं ग्रंथालय. वहिनीने कुलूप काढलं. मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या टेबलांवर रांगेने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. नाना दारातच घुटमळले. निवृत्तीनंतर ते समारंभांना बरेचदा आले होते, पण त्या वेळी खुर्च्या मांडलेल्या असायच्या.

"ब्युरेट इथे असायच्या," ते म्हणाले.

"त्या आता खिडकीपाशी आहेत, नाना. उजेड बरा मिळतो."

नानांनी खिडकीकडे बघितलं. "हो. मिळत असेल."

वहिनीने नवी भुकटी तोलली. साठवणीच्या कपाटातून जुन्या टाकणखाराची बाटली काढून तीही तेवढीच तोलली. दोन काचपात्रांत दोन्ही विरघळवून पुढची सगळी तयारी केली. आता वर लावलेल्या ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब अल्काचं द्रावण सोडायचं आणि खालचं पाणी गुलाबी झालं की थांबायचं. जितकं जास्त लागेल तितका बोरॉन जास्त. नानांनी तोटीवर हात ठेवला. पहिल्यांदाच एवढा लोंढा खाली आला की त्यांनी घाईने बंद केली.

"मी धरते," वहिनी म्हणाली. "तुम्ही रंग बघा. रंग तुम्हालाच नीट कळतो."

ताई आणि बंडू दाराशी उभे होते. ताईला घड्याळाकडे बघायचं नव्हतं, पण नजर जात होती. एक अख्खं खातं, संचालक, मंत्री, बारा भानगडी, आणि सगळं घोडं अडलंय ते म्हाताऱ्याला गुलाबी रंग दिसेपर्यंत! तिला त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्या वाकलेल्या मानेकडे बघूनही तो जात नव्हता.

टाकणखार लवकर गुलाबी झाला. "बास," नाना म्हणाले, आणि वहिनीने नेमकं त्याच क्षणी तोटी बंद केली. मग दुसरं पात्र. थेंब पडत राहिले. पहिलं पात्र जिथे गुलाबी झालं होतं ती नळीवरची खूण आली आणि मागे गेली. पाणी बिनरंगाचंच. नाना पात्राच्या आणखी जवळ वाकले. थेंब पडतच राहिले. बऱ्याच वेळाने एक गुलाबी धागा पाण्यात फिरला आणि विरून गेला. मग पुन्हा एक. मग रंग टिकला.

"बास," नाना म्हणाले.

वहिनीने आकडा लिहिला नाही. त्याची गरजही नव्हती. नाना उंच स्टुलावर बसले, काही वेळ खिडकीपाशी मांडलेल्या ब्युरेटकडे पाहत राहिले.

"ही भुकटी कधीपासून आहे?"

"बरीच वर्षं झाली, नाना."

"मला कोणी सांगितलं नाही."

"मासिकात तीनदा छापून आलंय," ताई म्हणाली. तिला ते बोलायचं नव्हतं, तोंडून निघून गेलं. "तुम्ही वाचता ना सगळं."

"वाचतो ना," नाना म्हणाले. "चुका शोधायला वाचतो." ते स्टुलावरून उतरले. "सूनबाई, त्या माणसाला भेटायचंय मला. पानं आणली त्याला. उद्या नेशील?"

"नेते."

"आणि बंडू, मला वर ने. मीच बोलतो रेडिओवर. इतकी वर्षं रेडिओवर 'नाना' म्हणूनच बोललोय, लोकांना माझा आवाज ओळखीचा आहे, ऐकतील."

बंडूचा चेहरा खुलला. नाना स्वतःच बोलणार म्हटल्यावर कोणाच्या मनात शंका येणार? त्याने खिशातला कागद काढून वडिलांच्या हातात दिला. ताईने तो परत ओढून घेतला.

"नाना, यात मुद्रणदोष लिहिलंय."

"ताई, पुरे आता!" बंडू म्हणाला. "ते तयार झालेत. आणखी काय हवंय तुला?"

"मला काय हवंय हे विचारलंस, बरं झालं. मला एक रविवार हवाय, ज्यात मी तुमच्यातल्या कोणाचं काहीतरी निस्तरत बसणार नाही. तो मिळत नसेल तर निदान हे त्या मुलीच्या माथी मारू नका." मग ती वडिलांकडे वळली. "नाना, तुमचं नाव इमारतीवर लागो, मलाही हवंय. पण तुम्ही हे वाचलंत तर ती मुलगी उद्या घरी बसेल. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं. आता वाचायचं ते वाचा."

तिने कागद त्यांच्या हातात दिला. नानांनी तो चष्म्याजवळ नेऊन वाचला, घडी केली, आणि ते जिना चढू लागले.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एक टेबल, एक मायक्रोफोन आणि भिंतीला बारदान ठोकलेलं. काचेच्या अलीकडे बंडू यंत्राशी बसला, त्याच्या मागे ताई आणि वहिनी. कार्यक्रम सुरू झाला. हवामान झालं, बाजारभाव झाले. बंडूने बोट दाखवलं आणि काचेपलीकडचा लाल दिवा लागला.

"नमस्कार," नाना म्हणाले. "खात्याच्या हिरव्या पत्रिकेत फुलकोबीसाठी बोरॉन तीस ग्रॅम असं छापलंय. ते चूक आहे. दहा लिटर पाण्याला पंधरा ग्रॅम. पुन्हा सांगतो, पंधरा." त्यांनी समोरच्या कागदाकडे बघितलं. "मला इथे लिहून दिलंय की हा मुद्रणदोष आहे. तसं नाही. छापणाऱ्यांनी आणि जुळवणाऱ्यांनी त्यांना सांगितलं तेच केलं. प्रयोगशाळेने पंधराच लिहिलं होतं, ते खोडून मी तीस केलं. मी खात्यातून कधीच निवृत्त झालोय. मला तो आकडा बदलायचा अधिकार नव्हता, आणि मला नवी भुकटी माहीतही नव्हती."

"संपलं," बंडू पुटपुटला. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. वहिनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ज्यांनी फवारलं असेल," नाना सांगत होते, "त्यांनी आजच साध्या पाण्याने पानं धुवावीत आणि शेताला भरपूर पाणी द्यावं. नुकतंच फवारलं असेल तर पीक वाचेल. आणि कोणाला काही विचारायचं असेल तर त्यांनी मला फोन करावा. नंबर लिहून घ्या."

"नंबर?" ताई म्हणाली. "कुठला नंबर? घरचा फोन तर केव्हाच काढून टाकला."

नानांनी डोळे मिटले आणि एकेक आकडा सावकाश, ठळक आवाजात सांगितला. मग पुन्हा एकदा सांगितला. तो ताईचा मोबाइल नंबर होता.

"बंडू, बंद कर!" ताई ओरडली. "काप ते!"

"थेट प्रक्षेपण आहे," बंडू म्हणाला, आणि एवढ्या सगळ्या गोंधळात त्याला हसू फुटलं. "त्यांना तेवढाच नंबर पाठ आहे, ताई. माझाही नाही."

नाना बाहेर आले तेव्हा तिचा फोन वाजत होता. पहिला फोन संचालकांचा होता. तिने तो घेतला नाही. दुसरा अनोळखी. ती काही बोलायच्या आतच पलीकडून एक बाई घाईघाईने बोलायला लागली. वाऱ्याचा आवाज येत होता.

"रेडिओवरचे नाना आहेत का? आमचं पिंप कालवून तयार आहे हो. तीसनेच कालवलंय. पंप पाठीवर घेऊन मालक आत्ताच शेतात शिरलेत, तिकडच्या कडेला पोहोचलेसुद्धा. ओतून टाकू का सगळं? महाग आहे ते..."

"ओतू नका," ताई म्हणाली. "तेवढंच पाणी आणखी घातलं की झालं. पण आधी त्यांना थांबवा. बाई, फोन ठेवू नका, आधी त्यांना हाक मारा."

पलीकडे फोन छातीशी धरल्यासारखा घुसमटला आवाज, आणि मग त्या बाईची हाक शेतावरून लांब जात गेली. एकदा, दोनदा. ताईने फोन कानाला घट्ट धरला. नाना समोर उभे राहून, काय म्हणतेय, काय म्हणतेय, असं विचारत होते, आणि तिने त्यांना गप्प बसायची खूण केली. तिसऱ्या हाकेला दुरून कोणीतरी ओ दिली.